दहावी बीजगणित: मुलीची चार गणितं अडलीत. उत्तरं नकोत, चूक कुठे होते ते सांगा

भाकरीवाली (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून देते, त्यामुळे हिशेब रोजचाच आहे, पण बीजगणित सुटून बावीस वर्षं झाली. मुलगी दहावीला आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) सुट्टीत करायला म्हणून शाळेने बारा गणितं दिलीत. आठ तिने केली. चार अडलीत, आणि त्या चारांवरून काल रात्री रडारड झाली. "मला गणित येतच नाही" म्हणत वही मिटून झोपली.

उत्तरं पुस्तकाच्या मागे आहेतच. आपलं उत्तर जुळत नाही एवढं तिला कळतं, का जुळत नाही ते कळत नाही. शाळेतून वही येते तीही नुसत्या लाल फुल्या घेऊन, फुलीपाशी एक शब्द लिहिलेला नसतो. म्हणून तिने केलंय ते जसंच्या तसं इथे लिहिते. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं आहेत, मी क्ष आणि य लिहिलंय.)

पहिलं गणित: ३ चादरी आणि ४ टॉवेल मिळून १८५० रुपये. २ चादरी आणि ५ टॉवेल मिळून १५२५ रुपये. एका चादरीची आणि एका टॉवेलची किंमत काढा.

चादर = क्ष, टॉवेल = य
३क्ष + ४य = १८५० … (१)
२क्ष + ५य = १५२५ … (२)
(१) ला २ ने गुणून: ६क्ष + ८य = ३७००
(२) ला ३ ने गुणून: ६क्ष + १५य = ४५७५
वजा करून: −७य = ८७५
य = −१२५

टॉवेल उणे सव्वाशे रुपयांचा! ती म्हणते सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. मी तीनदा बघितलं, मलाही बरोबरच दिसतात.

दुसरं: दोन नाणी एकाच वेळी फेकली, तर एक छापा आणि एक काटा मिळण्याची संभाव्यता किती? तिचं म्हणणं, तीनच गोष्टी होऊ शकतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. म्हणून १/३. मागे उत्तर १/२ छापलंय. खरं सांगते, मला १/३ च पटतं.

उरलेली दोन ही सुटल्यावर लिहीन.

जॉबर_अशोकचौक (शनिवार, रात्री ११:१५)

ताई, मी चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग चालू ठेवणारा. माग थांबला की आम्ही आधी तुटलेला धागा शोधतो, अख्खी बीम (धाग्यांचा रूळ) उतरवत नाही. तुमच्या पोरीची समीकरणं बरोबर, गुणाकार बरोबर. चूक एकाच ओळीत आहे, वजाबाकीच्या.

डावीकडे तिने वरच्यातून खालचं वजा केलं: ८ − १५ = −७. बरोबर. उजवीकडे मात्र खालच्यातून वरचं वजा केलं: ४५७५ − ३७०० = ८७५. एका ओळीत दोन दिशा झाल्या. वरून खाली वजा करायचं ठरलं तर दोन्हीकडे तसंच:

६क्ष + ८य − (६क्ष + १५य) = ३७०० − ४५७५
−७य = −८७५
य = १२५

मग (१) मध्ये घाला: ३क्ष + ५०० = १८५०, ३क्ष = १३५०, क्ष = ४५०.

आता हेच तिला क्ष-य न लिहिता दाखवा. दोन बिलं आहेत. पहिल्यासारखी दोन बिलं फाडली: ६ चादरी, ८ टॉवेल, ३७०० रुपये. दुसऱ्यासारखी तीन बिलं फाडली: ६ चादरी, १५ टॉवेल, ४५७५ रुपये. चादरी दोन्हीकडे सहाच. मग पैशाचा फरक कशामुळे पडला? सात टॉवेलमुळे. सात टॉवेल ८७५ चे, म्हणजे एक सव्वाशेचा. माझी आई शाळेत गेली नाही, पण हे तिने तोंडी केलं असतं. "चलाचा लोप" एवढं मोठं नाव आहे त्याला, पण काम हेच: एक वस्तू दोन्हीकडे सारखी करायची, म्हणजे फरकात ती उरत नाही.

तिला एक विचारा, ओरडू नका. वर ३७०० असताना ८७५ कुठून आणलेस?

भाकरीवाली (रविवार, सकाळी ९:०५)

विचारलं. म्हणाली, "लहानातून मोठी संख्या जात नाही ना, म्हणून उलटं केलं." मी म्हटलं, मग ८ मधून १५ कसे गेले? थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिथे य होता म्हणून."

बिलांचं मी सांगायला लागले, तर अर्ध्यातच तिने पेन घेतला आणि पुढचं स्वतः केलं. दादा, तुमचे आभार कसे मानू.

निवृत्त_गुरुजी (रविवार, सकाळी ११:३०)

ताई, "तिथे य होता म्हणून" हे उत्तर जपून ठेवा. चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि अशा उत्तरांतूनच मूल कुठे उभं आहे ते कळत गेलं. तिला ऋण चिन्ह अक्षराला चिकटलेलं चालतं, नुसत्या रुपयांत चालत नाही. तिसरीत "लहानातून मोठी जात नाही" असं शिकवतात. तेव्हा ते गरजेचंही असतं. पुढे ते कुणी परत घेत नाही.

शब्दाचा अर्थ सांगा तिला. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये या संख्यांचे नियम लिहिले ते धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि देणं, अशाच शब्दांत. तुमच्या हातात ३७०० आहेत आणि ४५७५ द्यायचे आहेत, तर ८७५ चं देणं उरतं. सात टॉवेलचंही देणं, ८७५ रुपयांचंही देणं. दोन्ही बाजूंना देणंच आहे, म्हणून टॉवेलची किंमत धन येते.

दुसरी एक गोष्ट. तिच्या पहिल्याच ओळीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही: "चादर = क्ष". या गणितात ते खपून गेलं, पुढच्या एखाद्यात फसवेल. क्ष ही चादर नसते. क्ष ही एक संख्या असते. "एका चादरीची किंमत क्ष रुपये मानू" हे पूर्ण वाक्य लिहायला लावा, कितीही कंटाळा आला तरी.

का, ते दाखवतो. तिला विचारा: दुकानात चादरींच्या सहापट टॉवेल आहेत, समीकरण लिही. बहुतेक मुलं चादर = च, टॉवेल = ट धरून ६ट = च लिहितात. वाचताना "सहा टॉवेल, एक चादर" असं बरोबरही वाटतं. पण च म्हणजे चादरींची संख्या आणि ट म्हणजे टॉवेलची संख्या असं आधी लिहिलं, तर १० चादरी घालून बघता येतं: टॉवेल ६० हवेत. ६ट = च मध्ये ६ × ६० = १०? जमत नाही. बरोबर समीकरण ट = ६च. चूक गुणाकाराची नव्हती, अक्षर कशाचं नाव आहे ते ठरवलेलं नव्हतं.

आपल्या जुन्या गणितींचा अज्ञात संख्येसाठीचा शब्द फार सुंदर आहे: यावत्तावत्, जितकं असेल तितकं. भास्कराचार्य बाराव्या शतकात तोच वापरतात, आणि एकाहून जास्त अज्ञात असले तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देतात. जितकं असेल तितकं. शब्दातच सांगितलंय की ही वस्तू नव्हे, माप आहे.

पुण्यातला_सोलापूरकर (रविवार, दुपारी १:१०)

एवढा व्याप कशाला? निश्चयकाने, म्हणजे क्रेमरच्या नियमाने करा, वजाबाकीचा गोंधळच राहत नाही.

(३ × ५) − (४ × २) = ७
(१८५० × ५) − (४ × १५२५) = ९२५० − ६१०० = ३१५०
(३ × १५२५) − (२ × १८५०) = ४५७५ − ३७०० = ८७५
क्ष = ३१५०/७ = ४५०, य = ८७५/७ = १२५. झालं.

निवृत्त_गुरुजी (रविवार, दुपारी १:४५)

बरोबर आहे, आणि प्रश्नात "क्रेमरच्या नियमाने सोडवा" असं असेल तर असंच करावं लागेल, नाहीतर गुण जातील. पण तुमच्या तिसऱ्या ओळीतले ४५७५, ३७०० आणि ८७५ बघा. तेच आकडे आहेत जे तिच्या वहीत आधीच आलेत, आणि ७ सुद्धा तोच. निश्चयक म्हणजे तीच वजाबाकी ठरलेल्या साच्यात बसवलेली. साचा आधी दिला तर आतलं दिसत नाही. तिला आधी बिलं समजू देत, साचा ती दोन दिवसांत उचलेल.

पुण्यातला_सोलापूरकर (रविवार, दुपारी १:५८)

तेच आकडे आहेत हे खरंच लक्षात आलं नव्हतं. पटलं.

विडीघरकुल (रविवार, दुपारी ४:२०)

ताई, नाण्यांचं मी सांगते. मी बीएस्सीला आहे, संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. १/३ हे उत्तर दरवर्षी अर्ध्या मुलांचं येतं. त्यात विचार केलेला असतो, म्हणून लगेच चूक म्हणू नका.

एक नाणं दोन रुपयांचं घ्या, दुसरं पाच रुपयांचं. आता काय काय होऊ शकतं ते लिहा, आधी दोनचं, मग पाचचं:

छापा, छापा
छापा, काटा
काटा, छापा
काटा, काटा

चार झाले. "एकेक" हे दोन ओळींत आहे: दोनचा छापा आणि पाचचा काटा, किंवा उलट. म्हणून २/४, म्हणजे १/२. यावर मुलं लगेच विचारतात, "पण माझी दोन्ही नाणी सारखीच आहेत, मग?" तर नाण्यांना आपण सारखं दिसण्याने काही फरक पडत नाही. एका रुपयाच्या दोन नाण्यांपैकी एकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला म्हणून छापा-काटा पडण्याचं प्रमाण बदलेल का? नाही ना. मग ठिपका नसतानाही चारच.

पुस्तकात "समसंभाव्य निष्पत्ती" हा शब्द आहे तो मुलं वाचून सोडून देतात. सगळं त्यातच आहे. अनुकूल भागिले एकूण हे सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा मोजलेली प्रत्येक गोष्ट घडण्याची शक्यता सारखी असते. "दोन्ही छापे" आणि "एकेक" यांची शक्यता सारखी नाही.

हे पटवायला मी गड्ड्याचं उदाहरण देते. होम मैदानावर रिंग टाकायचा खेळ असतो. रिंग वस्तूवर बसते किंवा बसत नाही, दोनच गोष्टी. मग बसण्याची संभाव्यता १/२ का? यावर वर्गातलं एकही पोर हो म्हणत नाही, कारण सगळ्यांनी पैसे घालवलेले असतात. मग मी म्हणते, तिथे "दोनच गोष्टी" चालत नाही, तर नाण्यात "तीनच गोष्टी" कसं चालेल?

आणि तिला खरंच नाणी फेकायला लावा. चाळीस वेळा. ठिपका देऊन, चार रकाने करून.

भाकरीवाली (रविवार, रात्री ९:३०)

फेकली! धाकट्याने नाणी फेकली, हिने खुणा केल्या, मी भाकऱ्या थापता थापता ऐकत होते. ठिपक्याचं नाणं आधी:

छापा, छापा: ८
छापा, काटा: १२
काटा, छापा: ९
काटा, काटा: ११

एकेक म्हणजे २१. चाळीसपैकी एकवीस. पहिल्या दहांत "दोन्ही काटे" पाचदा आले होते, तेव्हा ती म्हणाली, बघ, पुस्तकच चुकलंय. तिसाव्या फेकीच्या आसपास तिचं बोलणं थांबलं.

आणि एक, रिंगचं उदाहरण धाकट्यालासुद्धा कळलं. तो चौथीत आहे.

निवृत्त_गुरुजी (रविवार, रात्री १०:००)

फार छान केलंत. फक्त एवढं लक्षात असू द्या: चाळीसपैकी एकवीस आले म्हणून १/२ सिद्ध झालं असं होत नाही. १८ आले असते तरी १/२ चुकीचं ठरलं नसतं. १/२ येतं ते चार सारख्या शक्यता मोजून. फेकून बघितल्याने तिचा हट्ट सैल झाला, ते महत्त्वाचं काम होतं.

मुलीला एक गोष्ट सांगा. दालाँबेर नावाचा फार मोठा फ्रेंच गणिती होता. त्याने १७५४ मध्ये लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याचा विचार असा: पहिल्यांदाच छापा आला तर पुढे उडवायची गरजच नाही, तो एक प्रकार. काटा मग छापा, हा दुसरा. काटा, काटा हा तिसरा. तिनांत दोन अनुकूल. खरं उत्तर ३/४, कारण त्याचा पहिला प्रकार इतर दोघांतल्या प्रत्येकाच्या दुप्पट वेळा घडतो. संभाव्यतेच्या गणिताला पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ मधल्या पत्रांतून आकार आला होता, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेल्यावरची ही चूक आहे. तुमची मुलगी अडली त्याच दगडावर तो अडला होता.

भाकरीवाली (सोमवार, सकाळी ७:१५)

हे तिला वाचून दाखवलं. तिने ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. आता उरलेली दोन.

तिसरं: एक रेल्वे २४० किमी अंतर एकसमान वेगाने जाते. वेग ताशी २० किमीने जास्त असता तर तिला १ तास कमी लागला असता. रेल्वेचा वेग काढा.

तिने वेग ताशी क्ष किमी मानला (गुरुजी, पूर्ण वाक्य लिहिलंय) आणि समीकरण मांडलं:
२४०/(क्ष + २०) − २४०/क्ष = १
सोडवत गेल्यावर क्ष² + २०क्ष + ४८०० = ० आलं आणि अवयव पडेनात.

चौथं: दोन फासे टाकले, तर वरच्या अंकांची बेरीज किमान १० असण्याची संभाव्यता किती? नाण्यांवरून ती हुशार झालीय, एकूण ३६ बरोबर लिहिले. मग अनुकूल असे लिहिले: (४,६) (६,४) (५,५) (५,५) (५,६) (६,५) (६,६) (६,६). आठ. ८/३६ = २/९. मागे १/६ आहे. आणि शेजारची मैत्रीण अभ्यासाला येते, तिचं उत्तर १/१२ आलंय. म्हणजे दोघी वेगळ्या आणि पुस्तक तिसरं.

बार्शीकर (सोमवार, सकाळी १०:५०)

रेल्वेचं मी घेतो.

अवयव पडत नाहीत कारण पडणारच नाहीत. ४८०० गुणाकार आणि २० बेरीज अशा दोन संख्याच नाहीत. पडताळा: २० × २० − ४ × ४८०० = −१८८००, ऋण आला, म्हणजे वास्तव मुळं नाहीत, समीकरणात बसेल अशी वास्तव संख्याच नाही. अशा वेळी अवयव शोधत बसू नये, मांडणीकडे परत जावं.

मांडणीत वजाबाकीची दिशा उलटी आहे. मराठीत म्हणून बघा: हळू जाताना लागलेला वेळ मोठा, जोरात जाताना लागलेला लहान. मोठ्यातून लहान वजा केल्यावर १ तास. क्ष + २० ही संख्या मोठी, म्हणून तिचा अपूर्णांकही मोठा असं तिला वाटलं असणार. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो. एक भाकरी सहा जणांत वाटली तर वाटा लहान येतो, तसंच.

२४०/क्ष − २४०/(क्ष + २०) = १
२४०(क्ष + २०) − २४०क्ष = क्ष(क्ष + २०)
४८०० = क्ष² + २०क्ष
क्ष² + २०क्ष − ४८०० = ०

आता गुणाकार −४८०० आणि बेरीज २०: ८० आणि −६०.
(क्ष + ८०)(क्ष − ६०) = ०
क्ष = −८० किंवा क्ष = ६०
वेग ऋण नसतो, म्हणून ताशी ६० किमी.

मांडणी बरोबर आहे का हे तपासायला सोडवायच्या आधीच एक साधा आकडा घालून बघायची सवय लावा. वेग ४० धरला तर ६ तास, ६० ला ४ तास, फरक २. पण समीकरणाची डावी बाजू −२ येत असेल तर उलटं मांडलंय हे तिथेच कळतं.

भाकरीवाली (सोमवार, दुपारी २:३०)

दादा, एक प्रश्न तिचाच आहे, मी तिच्या शब्दांत लिहिते. "टॉवेल −१२५ आला तेव्हा माझी चूक होती. इथे −८० आलं तर चूक नाही, फक्त सोडून द्यायचं. मला कसं कळणार कुठे चूक आहे आणि कुठे सोडून द्यायचं?"

निवृत्त_गुरुजी (सोमवार, दुपारी ३:२०)

हा प्रश्न दहावीच्या मुलीने विचारला याचा मला फार आनंद झाला.

उत्तर ताळ्यात आहे. आलेली संख्या तिने स्वतः मांडलेल्या मूळ समीकरणात घालून बघायची. टॉवेल −१२५ घातला तर (१) वरून क्ष = २३५०/३, आणि (२) वरून क्ष = २१५०/२, म्हणजे १०७५. एकच चादर दोन भावांची. समीकरणालाच ते मान्य नाही, म्हणजे सोडवण्यात चूक आहे.

आता −८० घालू. २४०/(−८०) = −३. क्ष + २० = −६०, आणि २४०/(−६०) = −४. −३ − (−४) = १. जमलं! समीकरणाला −८० मान्य आहे. ते समीकरणाचं खरं मूळ आहे, चूक कुठेच नाही. पण आपल्या गोष्टीतल्या रेल्वेला ते मान्य नाही. समीकरणाला रेल्वे माहीत नाही, त्याला फक्त संख्या माहीत आहेत. ८० आणि ६० हेच दोन आकडे उलट फिरून आलेत हेही तिला दाखवा.

म्हणून दोन ताळे: एक समीकरणात, एक गोष्टीत. पहिल्यात नापास तर मागे जाऊन चूक शोधायची. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास, तर कारण लिहून सोडून द्यायचं. "वेग ऋण नसतो" हे वाक्य पेपरात लिहायला विसरू नये.

विडीघरकुल (सोमवार, संध्याकाळी ६:४०)

फाशांचं माझ्याकडे. दोघींच्या चुका वेगवेगळ्या आहेत.

तुमच्या मुलीने (५,५) दोनदा घेतलं, कारण (४,६) ला जोडीदार आहे तर (५,५) लाही असणार असं वाटलं. एक फासा लाल समजा, एक पांढरा. लाल ४ आणि पांढरा ६ ही एक गोष्ट, लाल ६ आणि पांढरा ४ ही दुसरी. आता लाल ५ आणि पांढरा ५. यांची अदलाबदल केली तर काय मिळतं? लाल ५, पांढरा ५. तेच. ३६ चा तक्ता आखायला सांगा, सहा ओळी, सहा रकाने. त्यात (५,५) ला एकच घर आहे. अनुकूल घरं सहा: (४,६) (५,५) (६,४) (५,६) (६,५) (६,६). ६/३६ = १/६.

नुसतं आठवून लिहू नका, तक्ता आखून घरांवर बोट ठेवा. नाण्यात एक राहून गेलं होतं, फाशांत दोन जास्त आली.

हाच मुद्दा गॅलिलिओपुढेही आला होता. तीन फासे टाकले तर बेरीज ९ होण्याच्या आकड्यांच्या जोडण्या सहा, आणि १० होण्याच्याही सहाच, तरी खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा येताना का दिसतो? त्याने मोजून दाखवलं: २१६ पैकी ९ च्या निष्पत्ती २५, आणि १० च्या २७. नऊच्या जोडण्यांत ३, ३, ३ आहे, ती एकाच प्रकारे पडते. ६, २, १ मात्र सहा प्रकारे पडते. मुलीला आवडत असेल तर २५ आणि २७ स्वतः मोजून बघू दे, दुपार जाईल पण जन्मभर लक्षात राहील.

आता मैत्रिणीचं १/१२. तिने फक्त बेरीज १० घेतली असणार: (४,६) (५,५) (६,४), म्हणजे ३/३६. तिला "किमान" या शब्दाचा अर्थ विचारा. तिच्या घरी तेलुगू बोलतात का?

भाकरीवाली (सोमवार, रात्री ८:१०)

हो, तेलुगूच! तुम्हाला कसं कळलं? तिला किमान म्हणजे "बरोबर तेवढंच" असं वाटलं होतं.

विडीघरकुल (सोमवार, रात्री ८:३५)

कारण माझंही असंच झालं होतं. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत निम्मे कन्नड, शाळा मराठी. "किमान" हा शब्द घरात कधीच कानावर पडला नाही. शाळेत कुणी सांगितला नाही कारण सांगायची गरज आहे हेच कुणाला वाटलं नाही. नववीपर्यंत मी त्या प्रत्येक गणितात चुकत होते आणि सगळे म्हणायचे गणित कच्चं आहे. गणित कच्चं नव्हतं, एक शब्द माहीत नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

मैत्रिणीला सांगा, किमान म्हणजे "कनीसं". एका सेकंदात कळेल. माझ्या शिकवणीत कन्नड घरातली मुलं आहेत, त्यांना "कनिष्ठ" म्हटलं की कळतं. किमान १० म्हणजे १० किंवा त्याहून जास्त. "जास्तीत जास्त" आलं की तेवढं किंवा त्याहून कमी. दोघींना हे दोन शब्द एका कागदावर तिन्ही भाषांत लिहून भिंतीला लावायला सांगा.

आणि किमान एक असं आलं की उलट बाजूने मोजणं सोपं पडतं. तीन नाण्यांत किमान एक छापा: आठांतला एकच प्रकार नको आहे, तिन्ही काटे. म्हणून ७/८.

जॉबर_अशोकचौक (सोमवार, रात्री ११:५०)

पाळी सुटल्यावर वाचलं सगळं. मॅडम, आमच्या खात्यात निम्मी पोरं तेलुगू घरची आहेत, त्यांच्या मुलांसाठी हे उद्या सांगतो. कनीसं. लक्षात राहील.

भाकरीवाली (मंगळवार, रात्री ९:२०)

कनीसं म्हटल्यावर ती मैत्रीण एवढी हसली की बस. दोघींनी मिळून ३६ घरांचा तक्ता आखला, तो आता स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलाय.

आज दोघींनी न विचारता एक गणित केलं. ०, १, २, ३, ४ हे अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या तयार केली, तर ती मूळसंख्या असण्याची संभाव्यता. आधी वीस संख्या लिहिल्या होत्या. मग मुलगीच म्हणाली, थांब, आपण काय मोजतोय? दोन अंकी संख्या. ०१ ही दोन अंकी नाही. ०१, ०२, ०३, ०४ खोडल्या, सोळा उरल्या. मूळसंख्या १३, २३, ३१, ४१, ४३. उत्तर ५/१६. मागचं पान उघडायच्या आधी तिने पेनाने चौकट केली.

जुळलं.

२५ आणि २७ चं मोजणं चालू आहे, नवाचे पंचवीस सापडलेत, दहाचे अजून सव्वीसच होताहेत. कुठलं राहिलं ते सांगू नका म्हणते.